पीएस३ आणि पीएस४ वरील क्रिकेटचे सामने पूर्ण एचडीमध्ये मुद्रित करण्यासाठी कोणते कॅप्चर कार्ड घ्यावे?

तिसरी_स्लिप (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ प्लेस्टेशन (पीएस) कन्सोलवरील क्रिकेट खेळांतले सामने मराठी समालोचनासह मुद्रित (रेकॉर्ड) करून यूट्यूबवर ठेवण्याची तयारी करत आहोत. आमचे आजोबा आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाच्या आठवणी सांगत असत, आणि खेळातील इंग्रजी समालोचन बंद करून आपण स्वतः बोलावे ही कल्पना तिथूनच सुचली. बोलण्याचा सराव आम्ही बराच केला आहे, पण कॅप्चर कार्डाने खेळाचे चित्र संगणकात आणण्याच्या पायरीवर आम्ही अडलो आहोत.

आमच्याकडे पीएस३ आहे आणि त्यावर ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ मध्ये अनेक वर्षे खेळून उभी केलेली एका खेळाडूची कारकीर्द साठवलेली आहे. ती पीएस४ वर नेता येत नसल्यामुळे पीएस३ बाजूला ठेवण्याची आमची तयारी नाही. दुसरा कन्सोल पीएस४ स्लिम असून त्यावर आम्ही ‘क्रिकेट १९’ खेळतो. टीव्ही ३२ इंची आणि १०८०पी (पूर्ण एचडी) आहे. लॅपटॉपमध्ये आठव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही.

गेल्या महिन्यात आम्ही बोटाएवढा एक कॅप्चर डोंगल ऑनलाइन मागवला. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के’ असे लिहिले होते. पीएस४ जोडल्यावर चित्र येते, परंतु चेंडू झटके घेत पुढे सरकल्यासारखा दिसतो, कॅमेरा वळला की मैदानावरचे गवत हिरव्या चिखलासारखे एकजीव होते आणि आवाज दोन्ही बाजूंनी वेगवेगळा न येता एकेरी येतो. पीएस३ जोडला तर संपूर्ण काळा पडदा दिसतो. लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टात कन्सोलची केबल थेट घालूनही पाहिली, पण काहीच घडले नाही.

पहिल्या खरेदीचे पैसे वाया गेले आहेत, म्हणून दुसरी खरेदी नीट समजून करायची आहे. कोणते कार्ड घ्यावे, पीएस३ चे काय करावे, हा लॅपटॉप पुरेल का, आणि पुढच्या वर्षी पीएस५ घेतला तर तेच कार्ड चालेल का, या चार गोष्टींबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

वामनपाऊल

आपण कार्डाचे नाव विचारले आहे आणि ते मी शेवटी सांगतो, पण त्याआधी खोक्यावरच्या त्या ‘४के’ या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा, कारण या वस्तूंच्या खरेदीत बहुतेकांची फसगत तिथेच होते. कॅप्चर कार्डाला तीन वेगवेगळ्या मर्यादा असतात. कन्सोलकडून किती मोठे चित्र ते स्वीकारू शकते ही पहिली, टीव्हीकडे पुढे किती मोठे चित्र पाठवू शकते ही दुसरी, आणि संगणकाला प्रत्यक्षात किती मोठे चित्र, सेकंदाला किती फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) वेगाने, देऊ शकते ही तिसरी. विक्रेता खोक्यावर यांपैकी सर्वांत मोठा आकडा छापतो आणि आपल्या मुद्रणाचा दर्जा मात्र तिसरा आकडा ठरवतो. आपला डोंगल ४के सिग्नल स्वीकारत असेलही, परंतु तो आतल्या आत लहान करून १०८०पी मध्ये आणि सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने संगणकाला देत असावा.

असे का होते हे साध्या गुणाकाराने कळते. १०८०पी च्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सुमारे १२.४४ कोटी बिंदू होतात आणि प्रत्येक बिंदूसाठी १६ बिट मोजले तर सेकंदाला जवळजवळ २ गिगाबिट माहिती तयार होते. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि व्यवहारात त्याहून कमी मिळते. म्हणजे हे चित्र जसेच्या तसे त्या वाटेने जाणे अशक्य आहे. मग असे स्वस्त डोंगल प्रत्येक फ्रेम छायाचित्रासारखी स्वतंत्रपणे जोरात दाबतात, ज्याला एमजेपीईजी म्हणतात, आणि तरीही जागा पुरत नाही म्हणून अनेकदा फ्रेमची संख्या निम्मी करतात. गवताचा चिखल होतो तो या दाबण्यामुळे. चेंडू झटके घेतो तो निम्म्या फ्रेममुळे.

क्रिकेटमध्ये हे विशेष खटकते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो आणि खेळपट्टी २०.१२ मीटर लांबीची असल्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोचायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात ६० च्या वेगाने ३० फ्रेम मिळतात, ३० च्या वेगाने १५ मिळतात. चेंडू टप्पा पडल्यावर किती वळला हे प्रेक्षकाला दाखवायचे असेल तर त्यातल्या टप्प्यानंतरच्या मोजक्याच फ्रेम उपयोगाच्या असतात, आणि त्या निम्म्या झाल्या की आपले समालोचन कितीही रसाळ असले तरी प्रेक्षकाला आपण म्हणता ते दिसणार नाही. म्हणून आपल्यासाठी पहिली अट ‘४के’ ही नसून ‘१०८०पी, ६० फ्रेम, संगणकाकडे’ ही आहे. या तीन शब्दांपैकी शेवटचा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

त्या दृष्टीने यूएसबी ३.० चे कार्ड घ्यावे. या पोर्टाचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट असतो आणि त्याच्या संकेतपद्धतीमुळे त्यातले ४ गिगाबिट प्रत्यक्ष माहितीच्या वाट्याला येतात, म्हणजे वरचे २ गिगाबिट त्यात आरामात बसतात. एल्गाटोचे ‘एचडी६० एक्स’ १०८०पी चित्र ६० फ्रेमने मुद्रित करू देते, हवे असल्यास ४के चित्र ३० फ्रेमने देते, आणि टीव्हीकडे ४के ६० फ्रेमपर्यंत पाठवते. अ‍ॅव्हरमीडियाचे ‘लाइव्ह गेमर अल्ट्रा’ (जीसी५५३) साधारण याच कामाचे आहे. आपल्या गरजेला या दोहोंपैकी कोणतेही चालेल. नव्याने मिळत असेल आणि वॉरंटी भारतात लागू असेल ते घ्यावे.

लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टाबद्दल एवढेच सांगतो की तो पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो आणि बाहेरचे चित्र आत घेत नाही. त्यात काही बिघडलेले नाही.

आडवी_बॅट

खरेदीपूर्वी एक गोष्ट करून पाहावी असे सुचवतो. पीएस४ च्या कंट्रोलरवर ‘शेअर’ बटण आहे आणि त्याने कन्सोल स्वतःच मुद्रण करतो. सुरुवातीला मर्यादा १५ मिनिटांची असते, पण सेटिंग्जमध्ये ती ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते, आणि पेन ड्राइव्हवर उतरवून ते चित्र लॅपटॉपवर नेता येते. समालोचन सामना खेळून झाल्यावर चित्र पाहत बोलणार असाल तर प्राथमिक प्रयोग विनाखर्च होईल.

मात्र साध्या पीएस४ वर हे मुद्रण ७२०पी आणि ३० फ्रेमचे असते, म्हणजे वामनपाऊल यांनी सांगितलेली चेंडूची अडचण इथेही राहतेच. पहिले चार-पाच भाग करून आपला आवाज आणि बोलण्याची लय तपासण्यासाठी हे पुरेसे आहे, त्यापुढे कार्ड लागेल.

जुने_यंत्र

पीएस३ बद्दल मी सविस्तर लिहितो, कारण माझा स्वतःचा पीएस३ अजून रोज चालू असतो आणि या काळ्या पडद्याशी मी पूर्वी बरेच दिवस झगडलो आहे.

काळा पडदा हा आपल्या डोंगलचा दोष नाही. एचडीएमआय वाहिनीवर एचडीसीपी नावाचे संरक्षण असते. चित्र पाठवणारे यंत्र आणि चित्र घेणारे यंत्र एकमेकांना ओळख पटवतात आणि ती पटली नाही तर चित्र दिले जात नाही. टीव्ही ही ओळख देतो, कॅप्चर कार्ड देत नाही. पीएस४ मध्ये सोनीने २०१४ साली आलेल्या १.७० क्रमांकाच्या अद्यतनापासून हे संरक्षण बंद करण्याची सोय दिली आहे. सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात ‘एनेबल एचडीसीपी’ अशी खूण असते, ती काढली की खेळांचे चित्र मोकळे होते, आणि ती काढलेली असेपर्यंत चित्रपट दाखवणारी काही अ‍ॅप्स चालत नाहीत. आपल्या पीएस४ चे चित्र डोंगलमध्ये दिसते आहे, त्याअर्थी ती खूण आधीच काढलेली असावी. पीएस३ मध्ये मात्र अशी सोयच नाही. त्याच्या एचडीएमआय पोर्टातून खेळाचे चित्रही संरक्षित होऊनच बाहेर पडते आणि ते बंद करण्याचा कोणताही पर्याय मेनूत नाही. कितीही महाग कार्ड आणले तरी एचडीएमआयने पीएस३ काळाच दिसणार.

वाट दुसरीकडून आहे. प्रत्येक पीएस३ च्या मागे एचडीएमआयशिवाय ‘एव्ही मल्टी आउट’ असा रुंद पोर्ट असतो आणि त्यातून कम्पोनंट केबलने एचडी चित्र बाहेर येते. हा सिग्नल अ‍ॅनालॉग असल्यामुळे त्यावर एचडीसीपी लागू होत नाही. कन्सोलने अधिकृतपणे दिलेलीच ही वाट आहे, म्हणून तिच्याबद्दल मनात संकोच ठेवण्याचे कारण नाही. केबलला पाच टोके असतात: चित्रासाठी हिरवे, निळे आणि लाल, तर आवाजासाठी पांढरे आणि पुन्हा लाल. दोन लाल टोकांची अदलाबदल ही सर्वांकडून होणारी चूक आहे. ती झाली तर चित्रातला लाल रंग नाहीसा होतो आणि एका कानाला विचित्र घरघर ऐकू येते. कन्सोलसोबत मिळणारी पिवळ्या टोकाची केबल मात्र वापरू नये, तिच्यातून एचडी चित्र येत नाही.

पीएस२ आणि पीएस३ यांचा हा मागचा पोर्ट एकच आहे, म्हणून कोणाकडे पीएस२ ची कम्पोनंट केबल पडून असेल तर तीही चालते. मला माझी केबल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सामानाच्या एका दुकानात मिळाली. दुकानदाराला ‘कम्पोनंट’ आणि ‘कम्पोझिट’ (ती पिवळ्या टोकाची केबल) यांतला फरक तोंडी समजावण्यापेक्षा पाच टोके मोजून घेणे सोपे जाते.

आता ही पाच टोके कार्डात कशी घालायची, कारण आजच्या कार्डांना फक्त एचडीएमआय असते. याला दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कम्पोनंट पोर्टाची सोय असलेले पीएस३ च्या काळातले कार्ड जुन्या बाजारात शोधणे. हॉपॉगचे ‘एचडी पीव्हीआर’ २००८ साली आले आणि ते कम्पोनंट सिग्नलसाठीच बनवलेले होते. ते चित्र स्वतःच्या आत एच.२६४ या व्हिडिओ-पद्धतीमध्ये आकुंचित करते, म्हणून त्याला यूएसबी २.० ची अरुंद वाटही पुरते. वामनपाऊल यांनी सांगितलेल्या गुणाकारावर हे एक जुने पण फार चांगले उत्तर आहे. एल्गाटोचे २०१२ चे ‘गेम कॅप्चर एचडी’ एचडीएमआय आणि कम्पोनंट दोन्ही घेते, आणि पीएस३ च्या मागच्या पोर्टात थेट बसणारी केबल त्याच्यासोबत मिळत असे. या वस्तू आता नव्या मिळत नाहीत आणि वापरलेल्या घ्यायच्या तर चालू स्थितीत समोर पाहूनच घ्याव्यात. दुसरा उपाय म्हणजे कम्पोनंटमधून एचडीएमआय करून देणारे छोटे परिवर्तक यंत्र घेणे आणि त्याचे एचडीएमआय टोक नव्या कार्डात घालणे. आपण पीएस४ साठी नवे कार्ड घेणारच आहात, म्हणून मी हा दुसरा उपाय सुचवीन. त्यात जास्तीचा खर्च थोडा आहे आणि एकच कार्ड दोन्ही कन्सोलना पुरते.

पीएस३ च्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘कम्पोनंट / डी-टर्मिनल’ निवडून फक्त ७२०पी ही खूण ठेवावी. पीएस३ च्या पिढीतले बहुसंख्य खेळ आतून ७२०पी किंवा त्याच्या आसपासच रंगवले जात, त्यामुळे १०८०आय निवडून काही वाढत नाही, उलट एकाआड एक ओळी येण्याच्या त्या पद्धतीमुळे चेंडूभोवती दातेरी कड दिसते. केबल बदलल्यावर टीव्हीवर काहीच दिसेनासे झाले तर घाबरू नये. कन्सोल बंद स्थितीत असताना पॉवर बटण दुसरी ‘बीप’ ऐकू येईपर्यंत सुमारे पाच सेकंद दाबून धरावे, म्हणजे चित्राची निवड पूर्ववत होते.

रात्रपाळी

एवढा खटाटोप करण्याची गरज नाही असे मला वाटते. काही स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर (एकच चित्र दोन ठिकाणी पाठवणारी यंत्रे) एचडीसीपी काढूनच पुढे चित्र देतात. असा एक स्प्लिटर मध्ये लावला की पीएस३ एचडीएमआयवरही दिसतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

जुने_यंत्र

रात्रपाळी, आपण सांगता तसे होते हे खरे आहे, पण मी हा सल्ला देणार नाही आणि त्याची दोन कारणे आहेत. एक तर हा गुण स्प्लिटरच्या खोक्यावर लिहिलेला नसतो. एकाच नावाच्या दोन नगांपैकी एक संरक्षण काढतो आणि दुसरा काढत नाही, त्यामुळे प्रश्नकर्त्याला पुन्हा अंदाजावर खरेदी करावी लागेल, आणि तेच त्यांना टाळायचे आहे. दुसरे असे की आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले असून, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. स्वतःच्या खेळाचे मुद्रण करण्यात तसा हेतू नसतो हे मला मान्य आहे, परंतु ज्या कन्सोलच्या पाठीमागे मोकळा पोर्ट आहे त्याच्यासाठी या वादात शिरण्याचे प्रयोजन दिसत नाही.

तिसरी_स्लिप

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. पीएस३ चे कोडे सुटले. गेल्या आठवड्यात आम्ही तो डोंगल तीनदा उघडून-जोडून पाहिला होता.

दोन शंका राहिल्या आहेत. लॅपटॉपच्या दोन यूएसबी पोर्टांपैकी एक आतून निळा आहे, तो यूएसबी ३.० समजावा का? आमच्या डोंगलचे टोकही निळेच आहे, म्हणून गोंधळ होतो. आणि आम्हांला सामना चालू असतानाच बोलायचे आहे, कारण नंतर बोललो तर विकेट पडल्याचा आनंद खोटा वाटतो. तर आवाजाची जोडणी कशी करावी?

वामनपाऊल

रंगावर विसंबू नये. निळे प्लास्टिक कोणीही वापरू शकतो आणि यूएसबी २.० चे असे निळे डोंगल बाजारात भरपूर आहेत. पोर्टाजवळ ‘एसएस’ (सुपरस्पीड, म्हणजे यूएसबी ३.०) ही अक्षरे आहेत का ते पाहावे आणि लॅपटॉपच्या निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी ताडून घ्यावे. कार्ड हाती आल्यावर ओबीएस स्टुडिओ या मुद्रणाच्या मोफत प्रणालीत त्याला जोडून गुणधर्मांच्या खिडकीत रिझोल्यूशनचा पर्याय ‘कस्टम’ करावा. तिथे १९२० गुणिले १०८० ला ६० फ्रेम आणि एमजेपीईजीशिवाय एनव्ही१२ किंवा वाययूवाय२ असा (न दाबलेल्या चित्राचा) पर्याय दिसला तर वाट रुंद आहे असे समजावे. आपला सध्याचा डोंगलही याच खिडकीत तपासून पाहा, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. कार्डासोबत आलेलीच केबल वापरावी. टाइप-सी टोकाच्या पुष्कळ मोबाइल चार्जिंग केबलींमध्ये यूएसबी २.० च्याच तारा असतात, त्यामुळे केबल बदलली की चांगले कार्डही डोंगलसारखे वागू लागते.

लॅपटॉप पुरेल. आपल्या प्रोसेसरमध्ये इंटेलचे क्विकसिंक आहे आणि चित्र एच.२६४ मध्ये आकुंचित करण्याचे काम ते स्वतंत्रपणे करते. ओबीएसमध्ये एन्कोडर म्हणून तेच निवडावे, एक्स२६४ निवडल्यास सगळा भार प्रोसेसरवर पडेल. सेकंदाला २५ मेगाबिटचा दर ठेवला तर तासाला सुमारे ११ जीबी जागा लागते, म्हणून सामन्यापूर्वी डिस्कवर मोकळी जागा पाहून ठेवावी. मुद्रण एमकेव्ही स्वरूपात करावे, कारण मध्येच लॅपटॉप बंद पडला किंवा प्रणाली कोसळली तर एमपी४ ची संपूर्ण फाइल निकामी होऊ शकते आणि एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग वाचतो. नंतर ओबीएसमध्येच तिचे एमपी४ करता येते आणि त्यात दर्जा उतरत नाही. शतक पूर्ण होण्याच्या बेतात असताना वीज गेल्याचा अनुभव घेतल्यापासून मी हा नियम मोडलेला नाही.

लॅपटॉपचा पोर्ट २.० निघाला तरी मार्ग आहे. अ‍ॅव्हरमीडियाचे ‘लाइव्ह गेमर पोर्टेबल २ प्लस’ (जीसी५१३) जुन्या एचडी पीव्हीआरप्रमाणे चित्र आतच आकुंचित करते. ते यूएसबी २.० वर चालते आणि संगणकाशिवाय थेट मायक्रोएसडी कार्डावरही १०८०पी ६० फ्रेमने मुद्रण करते.

खेळताना डोळे टीव्हीवर ठेवावेत, लॅपटॉपच्या पडद्यावर नव्हे. ६० फ्रेमच्या वेगात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते आणि यूएसबीवरून लॅपटॉपच्या पडद्यावर पोचणारे चित्र अनेक फ्रेम मागे असते. फटक्याची वेळ साधणाऱ्या खेळात तेवढ्याने फलंदाज बाद होतो. कार्डावरच्या ‘आउट’ पोर्टातून टीव्हीकडे जाणाऱ्या चित्राला असा जाणवणारा उशीर नसतो.

कानसेन

आवाजाबद्दल मी सांगतो. चित्र थोडे कमी प्रतीचे असले तरी लोक पाहतात, पण समालोचकाचा आवाज घुमत असेल तर दोन मिनिटांत दुसरीकडे वळतात, म्हणून या भागावर चित्राइतकेच लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रथम आपल्या डोंगलच्या एकेरी आवाजाविषयी. अशा डोंगलपैकी काही संगणकाला ‘माझा आवाज ९६ किलोहर्ट्झचा, एका वाहिनीचा आहे’ असे सांगतात आणि प्रत्यक्षात ४८ किलोहर्ट्झच्या दोन वाहिन्या एकाआड एक पाठवत असतात. नवे कार्ड आल्यावर हा प्रश्न राहणार नाही, म्हणून त्यावर वेळ घालवू नये.

खेळाचा आवाज कार्डातून एचडीएमआयसोबतच येतो. मायक्रोफोन कन्सोलला जोडू नये, लॅपटॉपला जोडावा. पीएस४ च्या कंट्रोलरमध्ये हेडफोन घालून ‘सर्व आवाज’ हा पर्याय निवडला की एचडीएमआयवरचा आवाज बंद होतो आणि मुद्रणात प्रेक्षकांचा जल्लोष उरत नाही. अनेकांना हे सामना संपल्यावर कळते. त्याऐवजी टीव्हीच्या हेडफोन छिद्रातून दोघांनी ऐकावे आणि टीव्हीचा स्पीकर बंद ठेवावा, म्हणजे खेळाचा आवाज मायक्रोफोनमध्ये दुसऱ्यांदा शिरणार नाही.

ओबीएसमध्ये एकाच फाइलीत सहापर्यंत स्वतंत्र ध्वनिमार्ग ठेवता येतात. पहिल्यावर सर्व आवाज एकत्र, दुसऱ्यावर फक्त खेळ आणि तिसऱ्यावर फक्त आपला आवाज ठेवावा. षटकार गेल्यावर आपण ओरडणार आणि त्याच क्षणी खेळातले प्रेक्षकही ओरडणार. त्या वेळी कोणाला किती वर ठेवायचे हे नंतर शांतपणे ठरवता येणे ही फार मोठी सोय आहे.

आता जुळणी. कार्डातून येणारे चित्र आणि खेळाचा आवाज थोडा उशिरा पोचतो आणि मायक्रोफोनमधला आवाज लगेच पोचतो, त्यामुळे ‘बाद!’ हा शब्द यष्टी उडण्याआधी ऐकू येतो. हा उशीर मोजण्याची माझी पद्धत अशी आहे. एकदाच टीव्हीचा स्पीकर चालू करून मायक्रोफोन त्याच्यासमोर धरावा आणि कन्सोलच्या मेनूत वर-खाली जात राहावे. मेनूची ‘टिक्’ दोन्ही ध्वनिमार्गांवर उमटते, एकदा मायक्रोफोनमधून आणि एकदा कार्डातून. संपादनाच्या प्रणालीत त्या दोन टिकांमधले अंतर मिलिसेकंदांत मोजावे आणि ओबीएसच्या ध्वनी गुणधर्मांत मायक्रोफोनच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये तो आकडा भरावा. पीएस३ साठी परिवर्तक मध्ये असेल तर त्याच्यासाठी हा आकडा वेगळा मोजावा.

मायक्रोफोन डायनॅमिक प्रकारचा घ्यावा आणि तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. कन्डेन्सर मायक्रोफोन छताच्या पंख्याचा आणि खिडकीबाहेरच्या रस्त्याचा आवाजही तितक्याच आवडीने गोळा करतो, आणि उन्हाळ्यात पंखा बंद करून वीस षटके बोलत राहणे दोघांनाही जमणार नाही.

आडवी_बॅट

पीएस५ चा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे, म्हणून लिहितो. वर सुचवलेली दोन्ही कार्डे पीएस५ ला चालतात. त्यातही एचडीसीपी बंद करण्याची सोय आहे, फक्त ती ‘सिस्टिम’मधील ‘एचडीएमआय’ या विभागात आहे. आपला टीव्ही १०८०पी असेपर्यंत पीएस५ ही तेवढेच चित्र देईल आणि कार्डाला ते पेलेल.

४के चित्र ६० फ्रेमने मुद्रित करायचे झाले तर गणित बदलते. बिंदूमागे १२ बिट धरले तरी सेकंदाला जवळजवळ ६ गिगाबिट होतात आणि ५ गिगाबिटचा पोर्ट अपुरा पडतो. त्यासाठी १० गिगाबिटचा पोर्ट आणि एल्गाटोच्या ‘४के एक्स’सारखे कार्ड लागते. आपल्या लॅपटॉपला ते झेपणार नाही, म्हणून भविष्यातल्या टीव्हीसाठी आजच त्यावर खर्च करू नये.

तिसरी_स्लिप

सुमारे महिन्याभराने कळवत आहे. वापरलेले पण वॉरंटीत असलेले ‘एचडी६० एक्स’ आम्हांला मिळाले. पोर्टाजवळ ‘एसएस’ होते आणि ओबीएसच्या खिडकीत एनव्ही१२ ला ६० फ्रेम दिसल्या. कम्पोनंट केबल शेजारच्या घरातील पीएस२ च्या खोक्यात सापडली, आणि परिवर्तकातून पीएस३ पहिल्याच प्रयत्नात दिसला. अकरा वर्षांपूर्वी तयार केलेला आमचा डावखुरा सलामीवीर लॅपटॉपच्या पडद्यावर आला तेव्हा भावाने मला हाक मारून बोलावले. मायक्रोफोनचा ऑफसेट पीएस४ साठी एक आणि पीएस३ साठी थोडा जास्त असा दोनदा मोजला.

एकच त्रुटी आहे. पीएस४ च्या मुद्रणात काळा रंग राखाडी दिसतो आणि रात्रीच्या सामन्यात आकाश धुरकट वाटते. टीव्हीवर तसे दिसत नाही.

वामनपाऊल

ही रंगांच्या पल्ल्याची विसंगती आहे. एका पद्धतीत काळा रंग ० या मूल्याने आणि पांढरा २५५ ने दाखवतात, दुसरीत काळा १६ ने आणि पांढरा २३५ ने. कन्सोल दुसऱ्या पद्धतीने पाठवत असेल आणि ओबीएस पहिल्या पद्धतीने वाचत असेल तर १६ हे मूल्य काळ्याऐवजी राखाडी दिसते. पीएस४ च्या ‘साउंड अँड स्क्रीन’मधील चित्राच्या सेटिंग्जमध्ये आरजीबी रेंज ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘लिमिटेड’ करावी आणि ओबीएसमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत कलर रेंजही ‘लिमिटेड’ ठेवावी. दोन्हीकडे एकच निवड असणे महत्त्वाचे आहे.

तिसरी_स्लिप

तसे केले आणि आकाश पुन्हा काळे झाले. पहिला सामना आज रात्री मुद्रित करत आहोत.